पाणी उतरताना

बंगला नंबर नऊच्या मागच्या भिंतीशी वली परकार एकाएकी थांबला. खांद्यावरची हत्यारांची पिशवी खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. त्रेसष्ट सालातला मार्च, दुपारचे साडेबारा. कतारच्या दोहा शहरातल्या समुद्राकडच्या कंपनीच्या बंगल्यांच्या खिडक्या वर्षातून जेमतेम तीनचार आठवडे उघड्या असत, ते हे दिवस. एकदा एप्रिल लागला की त्या बंद होत आणि भिंतीत बसवलेली गारव्याची यंत्रं घरघरू लागत. सात नंबरच्या बंगल्यातल्या दाराच्या बिजागऱ्या बदलून तो रस्त्यावरच्या पिकअपकडे निघाला होता. जेवायला आज मसूर असेल की भोपळा, एवढाच काय तो विचार डोक्यात. आणि त्या खिडकीतून पियानो ऐकू आला. आधी वाटलं, उन्हानं कान वाजताहेत. वरच्या टोकाचे, काचेसारखे बारीक सूर एकामागून एक येत होते, जागच्या जागीच हलत होते. आणि त्यांच्या खाली, बऱ्याच वेळानं, डाव्या हाताचा एक जड सूर आला, थोडा रेंगाळला आणि मागं सरला. वलीच्या पाठीवर काटा आला. आपण हे ओळखतो, हे डोक्याला कळण्याआधी पाठीला कळलं होतं. रस्त्यावरून कमाल ड्रायव्हरनं हॉर्न दिला, "यल्ला वलीभाई, यल्ला!" म्हणून घाईची हाक मारली. वली हलला नाही. त्यानं तळहात भिंतीला लावला. भिंत तव्यासारखी तापलेली होती, तरी त्यानं तो तसाच ठेवला. आता डावा हात वर चढेल, त्याला ठाऊक होतं; आता दोन्ही हात एकमेकांत मिसळतील, आवाज भरत जाईल, मग एकेक धागा सुटत जाईल. तसंच झालं. आणि जिथं आता काहीतरी वळणार, असं वाटलं, तिथंच पियानो थांबला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणी बाई घरातल्या नोकराला काहीतरी सांगू लागली. अठरा वर्षांपूर्वी मुंबईतही तो नेमका तिथंच थांबला होता.

पिकअपमध्ये कमाल जवळच्या रय्यान गावातल्या कुणा शेखच्या घराला बसवायच्या दारांबद्दल बोलत होता. साग बर्म्याचा येणार की मलबारचा, लाकूड बंदरात पडून राहिलं तर कसं वाकेल, असं बरंच काही. वली हूं हूं करत होता. तळहाताची आग होत होती आणि ती त्याला बरी वाटत होती, कारण आग होते तिकडे लक्ष लावता येतं. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, बारा वर्षं या वाळूत काढलेली, कंपनीच्या वर्कशॉपमधला सगळ्यांत जुना सुतार. आपण उन्हात एका परक्या बाईच्या खिडकीखाली उभे राहिलो, ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखी नव्हती. आणि सांगणार तरी काय? एक वाजवणं ऐकलं. त्याला नाव काय ते ठाऊक नाही. कुणाचं ते ठाऊक नाही. गुणगुणून दाखवावं तर त्यात गुणगुणण्यासारखी चालच नाही.

गावात कुणालाही हे माहीत नव्हतं, पण वली परकारला पियानो कळत असे. वाजवता येत नसे; एक साधी धूनही त्याची बोटं काढू शकली नसती. पण आतून कळत असे. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातून तो एकोणिसाव्या वर्षी मुंबईला गेला, तो फोर्टातल्या एका गल्लीत, पियानो भाड्यानं देण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या दुकानात चिकटला. बाप होड्या बांधणारा, त्यामुळे लाकूड हातात होतंच. तिथल्या म्हाताऱ्या मिंगेल मास्तरनं त्याला सूर लावायला शिकवलं. मास्तर म्हणायचा, सूर ऐकू नकोस, भांडण ऐक. एका सुरासाठी आत तीन तारा असतात. त्या जराशा वेगळ्या झाल्या की त्यांच्यामध्ये एक लाट उठते, वँव वँव करत. किल्ली खुंटीवर लावायची आणि केसभर, अगदी केसभर फिरवत ती लाट लांबवत न्यायची, लांबवत न्यायची, की ती झोपते. लाट झोपली की सूर लागला. वलीला हे दुसऱ्याच महिन्यात जमलं. मास्तरनं कपाळाला हात लावला होता. "खाडीवरची माणसं," तो म्हणाला होता, "तुम्हाला पाण्याचे कान असतात." घरी मात्र वलीनं सांगितलं होतं की आपण साहेबलोकांची कपाटं करतो. बाजा दुरुस्त करतो म्हटलं असतं तर वडिलांनी तोंड फिरवलं असतं.

मुनीरा, त्याची बायको, त्या दुकानाच्या पोटमाळ्यावर आठ महिने राहिली. लग्न उशिरा झालं होतं, पंचेचाळीस साली, तो अठ्ठावीसचा आणि ती वीसची. पोटमाळ्यावर सरस शिजवल्याचा वास येई, उभं राहिलं की डोकं आढ्याला लागे. खाली ओळीनं उभ्या असलेल्या काळ्या पियानोंना ती पहिले काही दिवस भ्यायली. हत्ती म्हणायची. "तुमच्या हत्तींनी आज काय खाल्लं?" असं संध्याकाळी विचारायची. मग भीती गेली. दुपारी दुकान रिकामं असलं की ती त्याचं जेवण घेऊन खाली येई, फळीच्या आडोशाला बसे आणि तो जेवेपर्यंत एखाद्या उघड्या पियानोच्या आत डोकावून तारा मोजत राही. लढाई संपली होती. गोरे सोल्जर परतीच्या वाटेवर होते, दुकानात येऊन उगीच पियानो वाजवून जात. एका दुपारी एक अधिकारी आला. पातळ, उन्हानं सोललेल्या नाकाचा. विकत घ्यायचंय म्हणाला, पण घ्यायचं नव्हतं हे त्याच्या हातांवरून दिसत होतं. हात घाईला आले होते. टोपी बाजूला ठेवून तो बसला आणि वाजवू लागला. वलीनं पहिल्यांदा नेहमीच्या सवयीनं तारांचं भांडण ऐकलं. मग ते ऐकायचं विसरला. आडोशाला काहीतरी हललं म्हणून पाहिलं तर मुनीरा उठून उभी होती, डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता आणि हाताला भाताची शितं तशीच होती.

"पानी उतरतंय," ती पुटपुटली.

"काय?"

"खाडीचा पानी. ऐका ना. चिखलातली भोकं बुडबुडतायत."

वली हसला असता, पण हसता आलं नाही, कारण ते खरं होतं. ओहोटी लागली की खाडीचा चिखल उघडा पडत जातो, हजारो बारीक भोकांमधून पाणी सुटतं, त्याचा एक आवाज असतो. गावातल्या माणसाला तो आवाज ऐकू येतच नाही, इतका तो रोजचा. होड्या एका कुशीवर कलंडतात. बायका कमरेला पाटी बांधून तिसऱ्या-शिंपल्या काढायला उतरतात. मुनीरा लहानपणापासून त्या चिखलात वाढलेली. तो अधिकारी कुणा इंग्रजाचं लिहिलेलं वाजवत होता आणि तिला त्यात आपली खाडी दिसत होती. आणि मग बाहेर जीपचा हॉर्न वाजला. अधिकारी ताडकन उठला, झाकण लावलं, टोपी घेतली, थँक यू म्हणाला आणि गेला. परत आला नाही. दुकानात धूळ तरंगत राहिली. मुनीरा अजून उभीच.

"आनि मंग?" तिनं विचारलं.

"मग काय?"

"पानी उतरला. पुढं? भरती येते का?"

"मला काय माहीत? जा, साहेबाला विचार."

त्यानंतर कितीतरी दिवस ती मधेच विचारायची. भाकरी थापताना, केस विंचरताना. पुढं काय होत असेल हो? एकदा चिडून तो म्हणाला, काही होत नसेल, गाणं आहे ते. ती म्हणाली, "नाय. तसा नाय सोडनार कोन." मग ती बाळंतपणासाठी माहेरी गेली. जन्नत झाली. दुकानाचा धंदा बसत चालला, साहेबलोक गेले, त्यांचे पियानो चोर बाजारात निघाले, मिंगेल मास्तर गोव्याला गेला आणि तिथंच वारला. पन्नास साली दुकानाला कुलूप लागलं. एकावन्नला वली सुतार म्हणून कतारला आला, त्रेपन्नला दोन महिने घरी जाऊन आला, तेव्हा जन्नत सात वर्षांची होती आणि त्याच्या मांडीवर बसायला लाजत होती.

छप्पन्नच्या नोव्हेंबरात दुखानच्या तेलविहिरींवरच्या कॅम्पमध्ये पत्र आलं. मेहुण्याचं अक्षर. मुनीराला कावीळ झाली, चार दिवस, अमुक तारखेला दफन झालं. पत्र पोचायला एकोणीस दिवस लागले होते. वली तेव्हा खिडक्यांच्या चौकटी करत होता. पत्र त्यानं खिशात ठेवलं आणि हातातली चौकट पुरी केली. चारही कोन गुण्यानं तपासले, एकही तसूभर चुकला नव्हता. संध्याकाळी बराकीतली कोकणची सगळी माणसं जमली, दुआ झाली, चहा झाला. चहा वलीनंच केला. वलीभाईला सबर आहे, असं लोक म्हणाले, आणि आपल्याला सबर आहे असं त्यालाही वाटलं. त्यानंतर मधून मधून रजेची पाळी लागे. दर वेळी त्यानं आपली पाळी दुसऱ्या कुणाला दिली. कुणाची आई आजारी, कुणाचं घर पडलेलं, कारणं काही कमी नसत. लोक दुवा देत. आता पिकअपच्या खिडकीतून बाहेर बघताना, आग होणारा तळहात मांडीवर उलटा ठेवून, पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं की आपण कुणावर उपकार केले नव्हते. घरी गेलो असतो तर ती तिथं नसती. इथं मात्र काहीच बदललं नव्हतं. इथं ती आधीही नव्हतीच. दूर होती, खाडीकाठच्या घरात, पत्राच्या पलीकडे. पत्रं तर तशीही तिला लिहिता येत नव्हती. मेली तरी ती इथून तेवढीच दूर राहिली होती.

पुढचे चारपाच दिवस त्याचं कशातच लक्ष लागलं नाही. रंधा मारताना लाकडाच्या आवाजात त्याला ते वरचे बारीक सूर ऐकू येत. जेवताना माणसं बोलत असत आणि तो मधेच घास हातात धरून बसे. ट्रंकेत जन्नतचं पत्र तीन महिने पडून होतं. सतरा वर्षांची झाली होती ती. आत्यानं, म्हणजे वलीच्या बहिणीनं, हजरानं, तिला वाढवलं, मराठी शाळेत सातवीपर्यंत घातलं, आणि आता एका शाळामास्तराशी लग्न ठरवलं होतं. गोल, शाळेतलं अक्षर: 'बाबा, फुफू तारीख विचारते. मी तिला सांगितलं आहे की बाबा आल्याशिवाय निकाह नाही. तुम्ही दोन वेळा इन्शाल्ला लिहिलंत. आता तारीख लिहा. बाबा, तुमचा आवाज कसा आहे ते मला आठवत नाही.' उत्तर म्हणून त्यानं तिसऱ्यांदा इन्शाल्ला लिहिलं होतं.

सहाव्या दिवशी वर्कशॉपच्या फळीवर कामाची चिठ्ठी लागली. बंगला नंबर नऊ, पियानोसाठी खोका, जहाजानं विलायतेला. वलीनं चिठ्ठी काढून घेतली, दुसऱ्या कुणी घ्यायच्या आत.

मिसेस हॅलम पन्नाशीच्या, उंच, गळ्यात साखळीला चष्मा अडकवलेल्या. नवरा समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यावर इंजिनियर; त्याची मुदत संपली होती, पंधरा दिवसांत दोघं जाणार होती. घरात अर्ध्या वस्तू गुंडाळलेल्या. पियानो भिंतीशी उभा होता, तपकिरी, मध्यम उंचीचा, एका अंगाला वार्निश फुगलेलं. वलीनं माप घ्यायला टेप काढली आणि आधी पियानोच्या कुशीवर हात ठेवला, बैलाच्या अंगावर ठेवतात तसा.

"जपून," बाई म्हणाल्या. त्या इंग्रजीत हळूहळू बोलत, मधे एखादा हिंदी शब्द घालत. "तो म्हातारा आहे. आणि आजारी. तीन पट्ट्या दाबल्या की वर येतच नाहीत."

"हवा दमट, मग हे गारव्याचं यंत्र सुकवतं, मग परत दमट," वली आपल्या फोर्टातल्या इंग्रजीत म्हणाला. "लाकूड फुगतं. आतला लोकरीचा नमदाही किड्यांनी खाल्ला असेल. उघडू?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुम्हाला येतं?"

"मुंबईत हेच काम करत होतो, मॅडम. चौदा वर्षं."

"आणि इथं?"

"इथं दारं, खिडक्या," वली म्हणाला.

त्या दिवशी त्यानं तिन्ही पट्ट्या सोडवल्या. खरं तर जाणाऱ्या पियानोसाठी हे कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी खोक्याच्या फळ्या आणल्या आणि परत माप घेतलं, जे घेण्याची गरज नव्हती. तिसऱ्या दिवशी आतून लावायचा डांबरी कागद. बाई खोलीतून ये-जा करत, याद्या करत, नोकराला भांडी मोजायला लावत; पियानोला त्या शिवल्यासुद्धा नाहीत. वली फळ्या कापी आणि वाट बघे. विचारावं, असं रोज वर्कशॉपमधून निघताना ठरवी. विचारावं कसं? मॅडम, ते वाजवा. कोणतं ते? पाण्याचं. तुम्ही काय खिडकीखाली उभे राहून ऐकत होता? आणि का, म्हणून विचारलं तर? त्यानं मनातल्या मनात वाक्यं जुळवली आणि मोडली. एका दुपारी वर्कशॉपकडे परतताना त्याला वाटलं, नकोच. खोका बंद करावा, बोटीवर चढवावा, प्रश्न विलायतेला जाऊ द्यावा. अठरा वर्षं ज्याचं उत्तर मिळालं नाही त्याच्यावाचून आपलं काय अडलं? पण रात्रीचं जेवण त्याला गेलं नाही, आणि मग त्याला कळलं की अडलं आहे. अडकून पडलं आहे सगळं, त्या तीन पट्ट्यांसारखं, दाबलं त्या दिवसापासून वर न आलेलं.

शेवटच्या दिवशी खोक्याच्या पाची बाजू तयार होत्या. चार वाजता गडी आणि पिकअप येणार होती. वली एक वाजताच पोचला. ट्रंकेच्या तळाशी फडक्यात बांधून ठेवलेली सूर लावायची किल्ली त्यानं सोबत आणली होती. पियानोचं पुढचं दार काढून तो खुंट्यांपाशी बसला.

"हे काय करताय?" बाई दारात उभ्या राहून हसल्या. "बोटीवर चढेपर्यंत परत बेसूर होणार तो. खोक्यात घालायच्या आधी कुणी सूर लावतं का?"

"नाही लावत," वली म्हणाला आणि लावत राहिला. कान तसेच होते. बारा वर्षं करवती ऐकूनही लाट त्याला ऐकू येत होती, किल्लीखाली ती लांबत होती आणि झोपत होती. दोन तासांत त्यानं मधल्या आणि वरच्या तारा लावल्या. खालच्यांना वेळ नव्हता. किल्ली पुसली. मग उठला आणि न ठरवताच बोलला, जुळवलेलं एकही वाक्य न वापरता.

"मॅडम, तुम्ही त्या दिवशी जे वाजवत होता. वर बारीक बारीक, आणि खाली..." त्यानं हात पुढे केला, तळवा खाली, आणि सावकाश मागं घेतला. "असं जाणारं. ते पुढं कसं आहे?"

बाईंनी त्याच्या हाताकडे पाहिलं. "ते तुम्ही कुठं ऐकलंत?"

"अर्धंच ऐकलंय. दोनदा."

"मीसुद्धा नेहमी अर्धंच वाजवते," त्या म्हणाल्या. "शेवटचं पान मला कधी नीट आलंच नाही. वाटतं सोपं, पण नाही." खोक्यात भरून ठेवलेल्या कागदांच्या गठ्ठ्यातून त्यांनी एक पिवळट वही शोधून काढली. "आमच्याकडच्या एका माणसानं लिहिलंय, पहिल्या लढाईच्या आधी. तरुण होता तेव्हा. समुद्राकाठी उभा होता म्हणे एका संध्याकाळी. बसा."

वली बसला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला. बाईंनी चष्मा सारखा केला आणि सुरुवात केली, आणि बोटांखालून ते वरचे सूर निघाले, आता स्वच्छ, त्यानं स्वतः लावलेले, एकाही सुरात भांडण नसलेले. आता खोली नव्हती. सरसाचा वास होता, आणि उघड्या चिखलाचा, आणि भाताची शितं लागलेला एक हात. डावा सूर आला, गेला. पाणी उतरू लागलं. होड्या कलंडल्या. आवाज भरला, एकेक धागा सुटू लागला, आणि ती जागा आली. तिथं बाई थांबल्या नाहीत. फक्त किंचित अडखळल्या आणि पान उलटलं. वलीनं श्वास धरला. आता वळेल. आता खालून पाण्याची पहिली जीभ परत येईल, चिखलावरून, सावकाश, तिला ठाऊक होतं तशी, तसा नाय सोडनार कोन. सूर आणखी विरळ झाले. दोन सुरांच्या मधली जागा वाढत गेली. डावा हात एकदा आला, मग आलाच नाही. वर एक सूर राहिला, तो दोनदा वाजला, तिसऱ्यांदा वाजेल असं वाटत राहिलं. मिसेस हॅलमनी हात मांडीवर ठेवले होते. पेडलवरचा पाय त्यांनी उचलला तेव्हा आत काहीतरी हलकंसं दबलं आणि घरात कुठंतरी नोकर भांडी गुंडाळत असल्याचा आवाज ऐकू यायला लागला.

वली वाट बघत होता.

"पुढं?" त्यानं विचारलं.

"एवढंच."

"नाही मॅडम. पाणी परत येतं ना. भरती येते."

बाईंनी वही त्याच्याकडे वळवली. त्याला सुरांची ती लिपी येत नव्हती, पण बोटानं दाखवलेली जागा दिसली. ओळ संपत होती. पुढे दोन उभ्या काळ्या रेघा, एक बारीक, एक जाड. त्याखाली कोरा कागद. वली त्या कागदाकडे बराच वेळ पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, बाई म्हणाल्या, "परत वाजवू का? मी ते शेवटचं जरा घाईत घेतलं."

"नको, नको. बरोबर वाजवलंत." मग आपल्याला आभार मानायचे आहेत हे आठवून तो म्हणाला, "शुक्रन, मॅडम." त्यांच्याशी तो अरबीत कधी बोलला नव्हता.

चार वाजता गडी आले. पियानो फडक्यांत गुंडाळला, डांबरी कागदात बसवला, खोका उभा केला. शेवटची फळी वलीनं स्वतः लावली, अठ्ठावीस स्क्रू, एकही तिरका न जाता. पिकअपमधून धक्क्यावर नेला. दोह्याचं बंदर उथळ, मोठ्या बोटी लांब उभ्या राहतात. खोका एका लाकडी पडावात उतरवला गेला. पडावावरच्या माणसानं "खलास?" असं ओरडून विचारलं, आणि वलीनं हात वर केला. पडाव निघाला तेव्हा तो धक्क्यावर थांबला नाही. कमालला म्हणाला, मी चालत येतो. बाजारातून, माणसांच्या गर्दीतून, भिजलेल्या पोत्यांच्या आणि वेलचीच्या वासातून तो चालत आला. रडू येईल असं त्याला वाटलं होतं. आलं नाही. फक्त पाय जड होते, आणि ओळखीचं कुणी भेटलं की तो नीट सलाम करत होता, नीट विचारपूस करत होता, आणि प्रत्येकाशी बोलताना त्याला वाटत होतं की आपण ह्याला काहीतरी सांगायचं विसरतो आहोत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ऑफिसात गेला. जहूर महाडकडचा, कंपनीत क्लार्क, तिशी ओलांडलेला. पूर्वी दुखानच्या बराकीत वलीच्या शेजारच्या खाटेवर असे. आता पंख्याखाली टेबल मिळालं होतं, दोन पेनं खिशाला होती, आणि माणूस तसाच होता. वलीनं रजा हवी म्हटल्यावर त्याचे डोळे विस्फारले.

"वलीभाई रजा मागतायत? बसा, बसा. दहा वर्षांनी! किती दिवसांची लीव्ह टाकू?"

"जेवढे मिळतील तेवढे."

जहूरनं फॉर्म ओढला आणि भराभर नाव, नंबर, डिपार्टमेंट लिहिलं. "आणि रीझन? जन्नतचं लग्न ना? मॅरेज ऑफ डॉटर लिहितो, साहेब डोळे मिटून सही करतो."

"लग्न आहेच. मी तिला तार करणार आहे आज, तारीख कळवायला," वली म्हणाला. "पण ते लिहू नकोस."

"मग काय लिहू?"

"बायको वारली, लिही."

जहूरचं पेन थांबलं. त्यानं वर पाहिलं, आजूबाजूला पाहिलं, मग आवाज खाली आणून मऊपणानं म्हणाला, "वलीभाई, भाभींना जाऊन साडेसहा वर्षं झाली. दुआला मी होतो ना तिथं."

"होतास," वली म्हणाला. "मी नव्हतो."

पंख्याखाली कागद फडफडत होते, त्यावर जहूरनं हात ठेवला.  वाकून त्यानं त्या लहानशा चौकटीत सांगितलं होतं तेच लिहिलं आणि फॉर्म वलीपुढे फिरवला, सही कुठं करायची तिथं बोट ठेवून. वलीनं पेन घेतलं. आधी त्याला वाटलं चष्मा लागणार आपल्याला, रेघ दिसेना; मग रेघेवर थेंब पडला, आणि दुसरा, आणि गुण्यानं तपासल्यासारखा ताठ बसलेला तो माणूस टेबलावर ओणवा झाला. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो बाहेरच्या टायपिस्टांनाही ऐकू गेला असावा, कारण त्यांची टकटक थांबली. जहूर उठला आणि त्यानं खोलीचं दार लावून घेतलं.